ओपीटीपासून एच-१बीपर्यंत: अमेरिकेत शिकणाऱ्या नाशिककर मुलांनी कोणत्या तारखेला काय करायचे

अमेरिकेत मास्टर्स करणाऱ्या मुलांचे ओपीटीचे (पदवीनंतर विषयाशी संबंधित काम करण्याची तात्पुरती परवानगी) अर्ज अडकतात ते गुण कमी पडले म्हणून नाही. कुणी अर्ज दोन आठवडे उशिरा टाकतो, कुणी जुनी आय-२० (विद्यार्थी असल्याचे विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र) जोडतो. कुणी परीक्षा संपताच आंब्याच्या दिवसांत नाशिकला येतो आणि अर्ज इथून करू म्हणतो. या तिन्ही चुका तारखा आणि क्रम न पाहिल्यामुळे होतात, आणि प्रत्येकीची किंमत एक वर्षाच्या नोकरीइतकी असू शकते. म्हणून खाली ओपीटीपासून एच-१बीपर्यंतची (कंपनीच्या अर्जावर मिळणारा नोकरीचा व्हिसा) कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कॉलेज रोडवरच्या ज्या कन्सल्टंटने प्रवेशाचे काम केले, त्याचा ओपीटीशी काही संबंध उरत नाही. अमेरिकेत तुमच्या वतीने सरकारी यंत्रणेत नोंद करू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे विद्यापीठातला डीएसओ, परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणारा अधिकारी. सीनियर, मावसभाऊ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांचे ऐकून घ्या, पण तारीख डीएसओकडूनच पक्की करा.

## १. शेवटचे सत्र सुरू होताच कागद जुळवा

आय-२० काढा आणि पहिल्या पानावरची अभ्यासक्रम संपण्याची तारीख शोधा. पदवीदान समारंभाची तारीख वेगळी असते; सगळी गणिते आय-२०वरच्या तारखेवरून होतात. त्याच पानावर अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी विषय दाखवणारा सहा आकडी सीआयपी कोड असतो. ११.०७०१ म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, तो स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे. ५२.०२०१ म्हणजे सर्वसाधारण एमबीए, तो यादीत नाही. ५२.१३०१ हा मॅनेजमेंट सायन्सचा कोड मात्र आहे. अभ्यासक्रमाच्या नावात ‘अ‍ॅनालिटिक्स’ आहे म्हणून तो स्टेम असेलच असे नाही, त्यामुळे कोड पाहूनच ठरवा. तुम्हाला ओपीटीचे एक वर्ष मिळणार की तीन, हे या एका आकड्यावर ठरते.

दुसरी तपासणी सीपीटीची, म्हणजे शिक्षण चालू असतानाच्या कामाच्या परवानगीची. शिकत असताना पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून जास्त झाली असेल, तर त्या पातळीच्या पदवीवरची ओपीटी मिळत नाही. अकरा महिने झाले असतील तर मिळते. म्हणून उन्हाळ्याची इंटर्नशिप आणि त्यानंतर वाढवलेले महिने मोजून काढा.

तिसरी तपासणी नावाची. ही अडचण आपल्याकडची खास आहे. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि आईचे. पासपोर्टवर बहुतेकांच्या ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे एकत्र असतात. अर्जात मात्र पहिले नाव आणि मधले नाव असे वेगळे रकाने आहेत. पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) या तिन्हींवर नाव कसे आहे ते शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर अर्ज करण्याआधी डीएसओला दाखवा. कामाच्या परवानगीच्या ईएडी कार्डावर नाव चुकून छापले गेले, तर ते दुरुस्त करून घेण्यात जाणारे आठवडे कंपनी थांबेलच असे नाही.

याच वेळी घरच्यांनी नाशिकमध्ये करायचे एक काम आहे. बँकेचे शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र काढून हप्ता कधी सुरू होतो ते वाचा. बऱ्याच कर्जांत अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत असते, पण पत्रात लिहिलेली अभ्यासक्रमाची तारीख आय-२०वरच्या तारखेशी जुळतेच असे नाही. मुलगा सत्र वाढवून घेत असेल, तर शाखेला लेखी कळवा.

तपासा: पासपोर्ट, व्हिसाचे पान, ताजी आय-९४, आजवरच्या सगळ्या आय-२०, जुने ईएडी कार्ड असल्यास त्याच्या दोन्ही बाजू. सगळे स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत घरी पाठवा.

## २. तारखांचा तक्ता मांडा

हे काम मनात करू नका, कागदावर करा. समजा आय-२०वर अभ्यासक्रम संपण्याची तारीख १५ मे २०२७ आहे.

- अर्जाची खिडकी ९० दिवस आधी उघडते: १४ फेब्रुवारी २०२७.
- ती अभ्यासक्रम संपल्यावर ६० दिवसांनी बंद होते: १४ जुलै २०२७. त्या दिवसापर्यंत अर्ज यूएससीआयएसला (अमेरिकेचे इमिग्रेशन खाते) मिळालेला हवा.
- ओपीटी सुरू होण्याची तारीख तुम्ही निवडता, पण ती १६ मे ते १४ जुलै यांच्यामध्येच असावी लागते.
- संपूर्ण ओपीटी अभ्यासक्रम संपल्यापासून चौदा महिन्यांच्या आत पुरी व्हावी लागते.

शेवटची अट लोक वाचतच नाहीत. जुलैत अर्ज केला आणि मंजुरी सप्टेंबर-ऑक्टोबरला आली, तर बारा महिन्यांतले काही महिने आपोआप कापले जातात. खिडकी जुलैपर्यंत उघडी आहे म्हणून जुलैची वाट पाहण्यात काही फायदा नाही. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच जायला हवा.

सुरुवातीची तारीख कोणती निवडायची? नोकरी हातात असेल तर कंपनीच्या जॉइनिंगच्या एक-दोन दिवस आधीची. हातात काही नसेल तर खिडकीच्या शेवटाकडची, म्हणजे जुलैतली. बेरोजगारीचे मोजके दिवस (भाग ६ पाहा) या तारखेपासून मोजले जातात, त्यामुळे मे-जूनचे दिवस शोधाशोधीसाठी फुकट मिळतात. एकदा मंजूर झालेली तारीख सहसा बदलता येत नाही.

सावधान: शेवटच्या सत्रात एखादा विषय किंवा प्रबंध लांबण्याची शक्यता असेल, तर अर्ज करण्याआधी डीएसओला स्पष्ट सांगा. ओपीटी मंजूर झाल्यावर अभ्यासक्रम लांबला तरी ओपीटीचे घड्याळ थांबत नाही.

## ३. आधी ओपीटीची आय-२०, मगच अर्ज

सगळ्यात जास्त अर्ज इथे चुकतात. क्रम असा आहे: तुम्ही विद्यापीठाच्या पोर्टलवर ओपीटीची विनंती टाकता, डीएसओ ती सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदवतो, मग तुम्हाला नवी आय-२० मिळते. या नव्या आय-२०च्या दुसऱ्या पानावर नोकरीच्या परवानगीच्या चौकटीत ओपीटीची शिफारस आणि तुम्ही मागितलेल्या तारखा छापलेल्या असतात. ही चौकट कोरी असेल तर ती ओपीटीची आय-२० नव्हे.

डीएसओने सेव्हिसमध्ये नोंद केल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएसला मिळायला हवा. एकतिसाव्या दिवशी पोहोचलेला अर्ज नाकारला जातो आणि फी परत मिळत नाही. साठ दिवसांची खिडकी अजून उघडी असेल, तर नवी आय-२० घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. ती बंद झाली असेल तर त्या पदवीवरची ओपीटी गेली.

नवी आय-२० आली की छापून घ्या, पहिल्या पानाच्या तळाशी सही करा, तारीख टाका आणि मगच स्कॅन करा. न सही केलेली आय-२० जोडल्यामुळे जादा पुराव्याची नोटीस येते आणि मधले आठवडे हकनाक जातात.

तपासा: नव्या आय-२०वरची शिफारसीची तारीख, आजची तारीख, त्यांच्यातले दिवस. हा आकडा वीसच्या वर जाऊ देऊ नका.

## ४. आय-७६५ भरताना

आय-७६५ हाच ओपीटीचा अर्ज. ऑनलाइन अर्जाची फी ४७० डॉलर, कागदी अर्जाची ५२०. ऑनलाइनच करा, पोच लगेच मिळते आणि टपालाचे दिवस वाचतात. घाई असेल तर आय-९०७ भरून प्रीमियम प्रक्रिया घेता येते. तिची फी १ मार्च २०२६ पासून १,७८० डॉलर आहे आणि ती वेगळी भरावी लागते. त्यात यूएससीआयएस ३० कामाच्या दिवसांत कार्यवाही करते. मार्चमध्ये अर्ज गेला असेल तर हा खर्च बहुतेकांना लागत नाही. उशीर झाला असेल आणि जॉइनिंग ठरले असेल, तरच विचार करा.

वर्गवारी (सी)(३)(बी) निवडा. (ए) ही शिक्षण चालू असतानाची, (सी) ही स्टेम वाढीची. ही एका अक्षराची चूक महागात पडते.

फोटो २ बाय २ इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि गेल्या ३० दिवसांतला हवा. व्हिसाच्या वेळी नाशिकला स्टुडिओत काढलेला फोटो पुन्हा वापरू नका. दोन वर्षांपूर्वीचा तोच फोटो व्हिसावर चिकटलेला असतो, त्यामुळे चूक पाहताक्षणी लक्षात येते.

सोशल सिक्युरिटी नंबर (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अजून नसेल, तर याच अर्जात तो मागण्याची सोय आहे. आधीची सीपीटी किंवा ओपीटी असेल तर तिचा तपशील जोडा, लपवू नका.

आता पत्ता. मे-जूनमध्ये बहुतेक मुलांचे भाडेकरार संपतात आणि घर बदलते. ईएडी कार्ड टपालाने येते, आणि घर बदलल्याची सूचना पोस्टात दिली तरी ते नव्या पत्त्यावर पोहोचेल याची खात्री नसते. पुढचे चार महिने बदलणार नाही असाच पत्ता द्या: तिथेच राहणारा मित्र, नातेवाईक. दुसऱ्याचा पत्ता असेल तर त्याचे नाव ‘मार्फत’च्या रकान्यात टाका आणि टपालपेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून घ्या. नंतर पत्ता बदललाच, तर यूएससीआयएसच्या खात्यात आणि विद्यापीठाकडे दोन्हीकडे नोंदवा.

सावधान: अर्ज दाखल करताना तुम्ही अमेरिकेत प्रत्यक्ष हजर असणे सक्तीचे आहे. नाशिकहून लॅपटॉपवर तो भरता येईल, पण ग्राह्य धरला जाणार नाही.

## ५. कार्ड येईपर्यंत

अभ्यासक्रम संपला आणि कार्ड आले नाही, या काळात तुम्ही अमेरिकेत कायदेशीर राहू शकता, काम करू शकत नाही. बिनपगारी ‘ट्रेनिंग’ म्हणूनही कंपनीचे काम सुरू करू नका. कार्ड मंजूर असणे आणि कार्डावरची सुरुवातीची तारीख आलेली असणे, दोन्ही हवे.

कार्ड आले की नाव, जन्मतारीख, सी०३बी हा वर्गवारीचा कोड आणि दोन्ही तारखा वाचा. कार्डावर ते अमेरिकेत पुन्हा प्रवेशासाठी वैध नाही असेही छापलेले असते. पुढे प्रवासाच्या वेळी हे वाक्य आठवा.

## ६. नव्वद दिवसांचा हिशोब

कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून बेरोजगारीचे एकूण ९० दिवस मिळतात. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या यातच धरल्या जातात. सुरुवात १ जुलैला झाली आणि काहीच काम मिळाले नाही, तर नव्वदावा दिवस २८ सप्टेंबरला येतो. दोन नोकऱ्यांमधला खंडही याच नव्वदात जमा होतो.

काम कोणते चालते? तुमच्या विषयाशी थेट संबंध असलेले, आठवड्याला किमान २० तासांचे. पहिल्या वर्षात पगार सक्तीचा नाही. संस्थेत, प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या नोंदणीकृत व्यवसायात केलेले विषयाशी जुळणारे कामही धरले जाते, फक्त कामगार कायदा मोडता कामा नये. साठाव्या दिवसापर्यंत पक्की नोकरी नसेल तर या मार्गाने घड्याळ थांबवा आणि शोध चालू ठेवा. कामाचे पत्र, तास आणि वरिष्ठाचे नाव लेखी ठेवा.

नोकरी लागली म्हणजे घड्याळ थांबले असे नाही, ती सेव्हिसमध्ये दिसायला हवी. ओपीटी सुरू झाली की सेव्हप पोर्टलची (विद्यार्थ्याने स्वतः माहिती भरायचे सरकारी संकेतस्थळ) लिंक ईमेलवर येते. तिथे कंपनीचे नाव, पत्ता, सुरुवातीची तारीख आणि काम विषयाशी कसे जुळते ते १० दिवसांच्या आत भरा. घर बदलल्यावर आणि नोकरी सुटल्यावरही हीच मुदत. लिंक स्पॅममध्ये गेली म्हणून नोंद राहिली, आणि चांगली नोकरी करत असलेल्या मुलाच्या नावावर बेरोजगारीचे दिवस साचत गेले, असे घडते.

जुळणीची ओळ नेमकी लिहा. ‘माझे काम माझ्या अभ्यासक्रमाशी संबंधित आहे’ याला अर्थ नाही. ‘डेटा इंजिनिअर म्हणून विक्रीच्या नोंदींचे डेटाबेस बांधतो, डेटाबेस सिस्टिम्स आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग हे विषय थेट वापरात’ अशी ओळ चालते.

सावधान: ‘आम्ही तुम्हाला पेरोलवर दाखवतो, तुम्ही ट्रेनिंगचे पैसे भरा’ असे सांगणाऱ्यांपासून लांब राहा. बायोडेटात चार वर्षांचा खोटा अनुभव घालून देणारेही याच जातीचे. असे कागद एच-१बीच्या वेळी, व्हिसाच्या मुलाखतीत आणि ग्रीन कार्डच्या अर्जात पुन्हा समोर येतात. तेव्हा जाब मुलालाच द्यावा लागतो, पैसे घेणारा नामानिराळा राहतो.

## ७. पहिल्या पगाराची पावती

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा पहिली पाच कॅलेंडर वर्षे कराच्या दृष्टीने सहसा अनिवासी असतो आणि त्याला सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची कपात लागू होत नाही. ही कपात पगाराच्या ७.६५ टक्के असते. पावतीवर ती दिसली तर पहिल्याच महिन्यात पेरोलला लिहा. नंतर परतावा मिळवणे शक्य असते, पण वेळखाऊ.

## ८. नाशिकला यायचे असेल तर

दिवाळीला किंवा बहिणीच्या लग्नाला यायचे ठरले, तर तिकिटाआधी व्हिसाचे पान उघडा. व्हिसाची मुदत संपली असेल तर परत जाण्यासाठी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नवा व्हिसा घ्यावा लागेल. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या अपॉइंटमेंट वेगळ्या असतात, म्हणजे नाशिकहून मुक्कामाच्या तयारीने जावे लागते. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून सूटही फार थोड्यांना मिळते. अपॉइंटमेंट हातात नसताना दोन आठवड्यांची सुट्टी घेऊन निघू नका. ओपीटीच्या पहिल्या वर्षात व्हिसा संपलेला असेल, तर घरच्यांनाच तिकडे बोलावणे किंवा भेट पुढे ढकलणे शहाणपणाचे.

सोबत हवे ते: वैध पासपोर्ट आणि व्हिसा, ईएडी कार्ड, नोकरीचे पत्र, आणि आय-२०च्या दुसऱ्या पानावर डीएसओची सहा महिन्यांच्या आतली प्रवासाची सही. शिकत असताना ही सही वर्षभर चालते, ओपीटीत सहाच महिने. नोकरी नसताना भारतात घालवलेले दिवस नव्वदातून वजा होतात, हेही ध्यानात ठेवा.

## ९. स्टेमची २४ महिन्यांची वाढ

अर्ज पहिली ओपीटी संपण्याआधी ९० दिवसांत करायचा आणि संपण्याच्या तारखेपर्यंत तो यूएससीआयएसला मिळायला हवा. इथे नंतरचे ६० दिवस अर्जासाठी मिळत नाहीत. पहिल्या वेळचा अनुभव धरून बसलेली मुले इथे फसतात. डीएसओच्या शिफारसीपासूनची मुदत या वेळी ६० दिवसांची आहे. वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत, जास्तीत जास्त १८० दिवस, काम चालू ठेवता येते.

कंपनीबाबत तीन अटी: ती ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याची कामाची परवानगी तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेली हवी, पगार द्यायलाच हवा, आणि आय-९८३ ही प्रशिक्षण योजना तिने भरून सही करून द्यायला हवी. छोट्या कंपन्यांना ई-व्हेरिफाय म्हणजे काय हेच माहीत नसते. हा प्रश्न ऑफर स्वीकारतानाच विचारा, अकराव्या महिन्यात नव्हे. आय-९८३मध्ये काय शिकणार, कोण देखरेख करणार, प्रगती कशी मोजणार हे ठोस लिहावे लागते. पहिला मसुदा तुम्ही स्वतः तयार करून मॅनेजरकडे न्या, काम लवकर होते.

मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी डीएसओकडे माहितीची खातरजमा, बाराव्या महिन्यात आणि शेवटी स्वतःचे मूल्यमापन. नोकरी बदलली तर नवी आय-९८३ १० दिवसांत. बेरोजगारीचे दिवस आता पहिल्या वर्षाचे धरून एकूण १५०.

## १०. एच-१बी: मार्च चुकवू नका

नोंदणी कंपनी करते, मार्चमध्ये. तिची फी २१५ डॉलर. जागा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतल्या मास्टर्ससाठी आणखी २०,०००. नोंदलेल्या नावांतून चिठ्ठ्या काढून निवड होते; निवड झाली तर कंपनीची याचिका (मुख्य अर्ज) १ एप्रिलपासून आणि काम १ ऑक्टोबरपासून. २०२६ पासून निवडीत वेतनपातळीला (पगारानुसार पदाच्या चार पातळ्या) वजन आहे: चौथ्या पातळीच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, पहिलीची एक. म्हणून ऑफर बोलताना पदाची वेतनपातळी कोणती धरणार हे विचारणे तुमच्या हिताचे.

स्टेमवाल्यांना साधारण तीन मार्च मिळतात. स्टेम नसलेल्यांनी मात्र बारकाईने पाहावे. मेमध्ये पदवी घेणाऱ्याला पुढचा मार्च नोकरी करता करता मिळतो. डिसेंबरमध्ये पदवी घेणाऱ्याची ओपीटी उशिरात उशिरा फेब्रुवारीत सुरू होते आणि पुढच्या फेब्रुवारीत संपते, म्हणजे तिच्यात मार्च एकच येतो, तोही सुरुवातीच्या काही आठवड्यांतच. अशा मुलांनी नोव्हेंबरमध्येच कंपनीशी एच-१बीचे बोलणे उरकायला हवे.

वेळेत दाखल केलेल्या याचिकेमुळे ओपीटी आणि एच-१बी यांच्यातला खंड कॅप-गॅप या मुदतवाढीने भरून निघतो. जानेवारी २०२५ पासून ही मुदत पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत आहे. ओपीटी संपून ६० दिवसांची सवलत चालू असताना याचिका गेली, तर मात्र राहता येते, काम करता येत नाही.

सावधान: सप्टेंबर २०२५च्या घोषणेने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या याचिकांवर १ लाख डॉलरचा भार आला. अमेरिकेतच राहून स्टेटस (एफ-१वरून एच-१बी) बदलून घेणाऱ्याला तो लागू नाही, असे यूएससीआयएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. स्टेटस बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो बदल सोडून दिल्यासारखे होते. एप्रिल ते मंजुरी या काळात कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय नाशिकचे तिकीट काढू नका.

## ११. चिठ्ठी लागली नाही तर

ओपीटी पुरी झाल्यावर ६० दिवस मिळतात. बेरोजगारीची मर्यादा ओलांडली असेल तर हे ६० दिवस मिळत नाहीत. या काळात परत येणे, वरच्या पदवीला प्रवेश घेऊन आय-२० नव्या विद्यापीठाकडे हलवणे किंवा दुसऱ्या व्हिसावर जाणे, हे पर्याय असतात. दुसरे मास्टर्स केले म्हणून दुसरी ओपीटी मिळत नाही; ती फक्त वरच्या पातळीच्या पदवीवर मिळते. पहिल्या दिवसापासून सीपीटी देणाऱ्या कॉलेजात केवळ कामासाठी नाव घालणे धोक्याचे आहे, पुढे एच-१बीच्या वेळी यावरच प्रश्न येतात.

मोठी कंपनी असेल तर तिच्या पुणे, बंगळुरू किंवा टोरांटोच्या कार्यालयात बदली मागा. परदेशातल्या शाखेत सलग एक वर्ष काम केल्यावर एल-१ या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर परत बोलावता येते आणि त्याला चिठ्ठी लागत नाही. ही विनंती मार्चचा निकाल लागला त्याच आठवड्यात मॅनेजरकडे करा. ओपीटीचे शेवटचे पंधरा दिवस उरल्यावर कंपनीकडेही काही करायला वेळ राहत नाही.